दगडाबाई रवाना

कोजागरीच्या दुपारी तुळजापुरात, जुन्या बसस्थानकाजवळच्या मदत केंद्राच्या मांडवात एक म्हातारी घामाघूम होऊन आली. कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ, एका पायात चप्पल. टेबलाला हात टेकून म्हणाली, "म्या दगडाबाई. माझ्यासंगच्या बाया मला हुडकायल्यात. तेन्ला सांगा, म्या हितं हाय म्हनून."

टेबलामागं उत्कर्ष बसला होता. कॉलेजात शिकणारा, सेवा मंडळाचा चांगला, मेहनती स्वयंसेवक. त्यानं लॅपटॉपवर नाव टाकलं आणि मान हलवली.

"आजी, दगडाबाई सापडल्यात. परंड्याच्या बसमध्ये बसवून दिलंय त्यांना. तुमचं नाव काय?"

"आरं, म्याच दगडाबाई."

"परंडा तालुक्यातल्या?"

"व्हय की. मुलगा धोंडीबा."

उत्कर्षनं पुन्हा पडद्याकडं बघितलं. सगळं जुळत होतं, पण नोंदीपुढं 'सापडल्या' असं लिहिलेलं होतं, म्हणून त्याला ते पटेना. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, उन्हात चालून चालून होतं असं. आधी पाणी प्या. मग आठवून सांगा, तुमचं खरं नाव काय?"

म्हातारीनं पाण्याचा पेला हातानं बाजूला सारला. पेला कलंडला.

"माझं नाव मला ठावं न्हाय व्हय रं? तुझ्या डब्यात लिवलंय म्हून म्या बशीत बसले? मग ही हितं कोन उभी हाय, भूत?"

मांडवातली माणसं वळून बघू लागली. कुणीतरी हसलं. पलीकडच्या टेबलावर काम करणारी मैथिली मात्र हसली नाही. तिनं उत्कर्षचा लॅपटॉप आपल्याकडं फिरवला आणि दगडाबाईंच्या नावाचं कार्ड उघडलं. कार्डावर नाव दगडाबाई, गाव बरोबर, धोंडीबाचा फोन बरोबर. फोटो दुसऱ्याच बाईचा. कानात मोठी कर्णफुलं, हिरवं इरकली लुगडं, गालावर गोंदण. समोर उभी असलेली म्हातारी ही नव्हे, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मैथिलीनं कार्डाची वेळ बघितली. आणि लगेच तिला कळलं की हे कशानं झालं, आणि कुणी केलं.

मैथिली तुळजापूरचीच. वडील इथल्याच शाळेत शिक्षक. सोलापूरला शिकून तिनं पुण्यात काही वर्षं प्रोग्रॅमिंग केलं आणि मग शंतनूच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरून गावी परत आली. यात्रेत चुकलेली माणसं शोधायची 'शोधसाथी' नावाची यंत्रणा शंतनूनंच उभी केली होती आणि सेवा मंडळाला फुकट वापरायला दिली होती. काम साधं होतं. कुणी चुकलं की नातेवाईक फोटो, नाव आणि फोन नंबर द्यायचे. त्यातून एक कार्ड तयार व्हायचं आणि गावभर पसरलेल्या सगळ्या स्वयंसेवकांच्या मोबाइलवर जायचं. ज्याला ते माणूस दिसेल, तो केंद्राला कळवायचा.

हे सगळं पीएचपी या भाषेत लिहिलेलं होतं, आणि पीएचपी एका वेळी एकच काम करते. एकाचं कार्ड तयार करायचं, सगळ्यांना पाठवायचं, ते संपलं की दुसऱ्याचं घ्यायचं. रोजच्या गर्दीला हे पुरायचं. पण कोजागरीला कर्नाटकातून, सोलापुराहून माणसं पायी येतात आणि नळदुर्गाच्या रस्त्याकडून नुसता लोंढा वाहत असतो. त्या दिवशी कार्डांची रांग लागायची. माणूस आपणहून सापडून घरी जायचा आणि त्याचं कार्ड मागाहून फिरायचं.

म्हणून मैथिलीनं पीएचपीला 'पॅरलल' नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे एक जादा भाग, जोडलं होतं. साध्या पीएचपीवर ते चालत नाही. त्यासाठी वेगळी पीएचपी बांधून घ्यावी लागते. ती तिनं बांधली. आता एकाच प्रोग्रॅममधून अनेक धागे सुटायचे, ज्याला थ्रेड म्हणतात ते, आणि प्रत्येक धागा आपापलं कार्ड घेऊन इतरांसाठी न थांबता पळायचा. वेग बघून शंतनू तर खुर्चीतून उठलाच होता.

"सर, हे अजून लावायचं नाही," मैथिलीनं त्याला बजावलं होतं. "कार्ड तयार करण्याचा भाग तुमचा जुनाच आहे. तो फोटो आणि माहिती नेहमी त्याच नावाच्या दोन फायलींत ठेवतो आणि त्यांतून कार्ड बनवतो. आजवर चाललं, कारण एकाचं झाल्यावरच दुसऱ्याचं यायचं. आता दोन धागे एकाच वेळी त्याच फायलीत लिहितील. एकाचा फोटो, दुसऱ्याचं नाव, असं होईल. मला तो भाग बदलू द्या. यात्रेनंतर लावू."

"बरं," शंतनू म्हणाला होता.

आणि आज सकाळी, तिला न विचारता, त्यानं तेच लावलं होतं.

"उत्कर्ष, या आजींच्या मुलाला फोन लाव."

"ताई, त्यांना आधीच सांगितलंय आई बसमध्ये आहे म्हणून. ते परंड्याच्या स्टँडवर थांबलेत. उगाच कशाला घाबरवायचं?"

"लाव म्हणते ना!"

तिचा आवाज एवढा चढलेला उत्कर्षनं कधी ऐकला नव्हता. त्यानं फोन लावून स्पीकर सुरू केला.

"धोंडीबा," म्हातारी ओरडली, "ह्यो बाबा म्हनतोय म्या दगडाबाई न्हाय म्हनून!"

पलीकडून धोंडीबा म्हणाला, "आये? तू तर बशीत हायस की!"

"बशीत तुझी सासू आसंल! म्या हितंच हाय तुळजापुरात, सकाळधरनं. त्या बाया कुठं गेल्या?"

"त्या निघाल्या की जीप घिऊन. तू सापडलीस, बशीत बसलीस, आसं ह्येंनीच सांगितलं. मग बशीत कोन यायलंय?"

मैथिलीनं फोन हातात घेतला. शक्य तितक्या शांतपणे तिनं त्याला सांगितलं की आमच्याकडून चूक झाली आहे, आई सुखरूप आहेत, पण तुमच्या आईच्या नावानं दुसऱ्याच कुणा आजींना बसमध्ये बसवलं आहे. बस आली की त्यांना उतरवून घ्या, कुठंही जाऊ देऊ नका, आम्ही निघतोच आहोत.

"म्हंजी तुमी माझी आई तिथंच सोडली आन् दुसऱ्याची मला धाडली?" धोंडीबा म्हणाला. "मानसं हायती का पार्सल?"

तिनं फोन ठेवला आणि फोटोतल्या बाईची नोंद शोधली. दगडाबाईंच्या नोंदीला अगदी लागून दुसरी नोंद होती. पार्वतम्मा, आळंद तालुका, कर्नाटक. मुलाचं नाव शांतलिंग. पुढं लिहिलेलं, कार्ड पाठवलं. पाठवलं खरं, पण दुसऱ्याच्या नावानं. पार्वतम्मांना कानडीशिवाय काही येत नाही, हेही नोंदीत होतं. स्वयंसेवकांनी घाटशीळ रोडवर त्यांना गाठलं असणार, फोटो जुळवला असणार, 'दगडाबाई?' म्हणून विचारलं असणार, आणि हात धरून बसमध्ये नेलं असणार. त्या काही बोलल्या असतील तर ते कुणाला कळलं असेल?

शांतलिंग मांडवाबाहेरच होता. सकाळपासून तो दर थोड्या वेळानं येऊन विचारायचा आणि उत्कर्ष त्याला सांगायचा, कार्ड गेलंय, सापडतील. उंच, रापलेला माणूस. अनवाणी चालून पाय फुटलेले. मैथिलीनं त्याला आत बोलावलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. तो नीट ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या कानशिलाची शीर उडू लागली.

"माझी आई आयुष्यात एकटी बसमध्ये बसली नाही," तो सोलापुरी वळणाच्या मराठीत म्हणाला. "तिला मराठी येत नाही. तिच्याजवळ पैसे नाहीत, फोन नाही. आणि तुम्ही तिला कुठं पाठवलं ते मला आत्ता सांगताय? सकाळपासून मी इथं येतोय. दरवेळी हा पोरगा मला सांगतोय, मिळेल, मिळेल!"

"चूक आमची आहे," मैथिली म्हणाली.

"तुमची म्हणजे कुणाची?"

तेवढ्यात शंतनू मांडवात आला. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात ओळखपत्र. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेची माणसं आज शोधसाथी बघायला येणार होती. पसंत पडली तर ती इतर यात्रांतही वापरणार होती. मैथिली उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, चाचणीतलं ते थ्रेडवालं तुम्ही लावलंत?"

"हळू बोल. हो, लावलं. गेल्या वर्षी कार्डं किती उशिरा जायची विसरलीस? लोक आपल्याला शिव्या देत होते. आज बघ, क्षणात जातायत. मी दोनदा तपासूनच लावलं."

"एकेक नोंद टाकून तपासलंत?"

"मग कशी तपासतात?"

"दोन एकदम टाकून! मी सांगितलं होतं तुम्हाला. हेच होणार म्हणून सांगितलं होतं." तिनं लॅपटॉप त्याच्यासमोर धरला. "हा फोटो पार्वतम्मांचा. हे नाव या आजींचं. पार्वतम्मा परंड्याच्या वाटेवर आहेत, आणि या आजींना इथं कुणी त्यांचं नावसुद्धा सांगू देत नाही."

शंतनूनं कार्ड बघितलं. त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"ठीक आहे. एक केस झाली. दुर्दैवी आहे. गाडी पाठवून देऊ. पण आत्ता काही बंद करायचं नाही. पाहुणे पोचतीलच एवढ्यात. ते गेले की संध्याकाळी शांतपणे बघू."

"एकच केस कशावरून? सकाळपासून जेवढी कार्डं गेली त्यातल्या कुठल्याही कार्डावर विश्वास ठेवता येत नाही."

"मैथिली, म्हाताऱ्या माणसांचं असतं थोडं इकडंतिकडं. गर्दीत..."

"ए," दगडाबाई मध्येच कडाडल्या, "कुनाचं इकडंतिकडं? तुझं मशीन इकडंतिकडं झालंय, माझं डोस्कं जाग्यावर हाय."

मैथिली टेबलाशी गेली, सर्व्हरशी जोडणी केली आणि चालू असलेला प्रोग्रॅम तिनं थांबवला. जुना, एकाच वाटेनं हळू चालणारा प्रोग्रॅम परत लावला. शंतनूनं तिच्या खांद्यावरून बघितलं.

"मी नको म्हणालो होतो."

"ऐकलं मी."

"मग उद्यापासून ऑफिसला यायची गरज नाही."

"बरं झालं तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली. दोन धाग्यांमधली चूक तिनं आधीच ओळखली होती, बोलून दाखवली होती, आणि तरी एका म्हातारीला चुकीच्या नावानं बसमध्ये कोंबलं गेलं होतं. तिला वाटलं, हा लॅपटॉप उचलावा आणि या पांढऱ्या शर्टावर आपटावा. त्याऐवजी तिनं उत्कर्षला समोर बसवलं.

"सकाळपासूनची प्रत्येक नोंद उघड. फोटो नातेवाइकांनी पाठवलेल्या फोटोशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघ. चुकलं असेल तिथं नवीन कार्ड पाठव आणि घरच्यांना फोन कर. कुणाला सापडलेलं माणूस सोपवायचं असेल, तर आधी त्या माणसाला नाव विचारायचं. आणि ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. कळलं?"

उत्कर्षनं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते. मग तो दगडाबाईंसमोर गेला आणि वाकला. त्यांनी पाय मागं घेतले.

"पाया नगं पडूस. चप्पल बघ माझी कुठं सांडली का."

मंडळाची जीप घेऊन ते निघाले. पुढं ड्रायव्हर आणि शांतलिंग, मागं मैथिली आणि दगडाबाई. गर्दीतून बाहेर पडेपर्यंतच जीव नकोसा झाला. 'आई राजा उदो उदो' करत माणसं गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. धाराशिव मागं पडलं.

मग शांतलिंग मागं न वळता म्हणाला, "तुम्ही शिकलेले लोक. आमच्या आयांवर तुमचं नवीन सामान तपासता काय?"

मैथिलीच्या ओठांवर आलं होतं की मी नाही केलं, मी नको म्हणत होते. तिनं ते गिळलं. खरं होतं, पण या माणसाला त्याचा काय उपयोग होता?

"असं व्हायला नको होतं," ती म्हणाली.

"झालं कसं पन?" दगडाबाईंनी विचारलं. "माझं नाव तिच्या तोंडाला चिकटलं कसं?"

मैथिलीनं थोडा विचार केला. "आजी, शाळेत एकच पाटी आहे असं धरा. एक पोरगं येतं, पाटीवर लिहितं, गुरुजींना दाखवतं, पुसतं. मग दुसरं येतं. काही गोंधळ नाही, पण वेळ लागतो. म्हणून मी म्हटलं, चार पोरं एकदम बसवू. पण पाट्याही चार पाहिजेत ना? पाटी एकच राहिली. एकानं चित्र काढलं, तेवढ्यात दुसऱ्यानं ते पुसून आपलं काढलं, पहिल्यानं खाली आपलं नाव लिहिलं. गुरुजींनी तेच खरं धरलं."

"मग चार पाट्या का आनल्या न्हाईस?"

"आणणार होते. त्याआधीच पोरं बसवली."

"त्या पांढऱ्या शर्टानं."

दगडाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. "पाटीचं सोड. त्या पोराच्या म्होरं म्या जित्ती उभी होते, आन् त्यो डब्यात बघून सांगत होता म्या न्हाय म्हनून. त्येचं मला लई लागलं."

बार्शीजवळ धोंडीबाचा फोन आला. बस परंड्याला पोचली होती. म्हातारी आत होती, पण उतरायला तयार नव्हती. कुणी हात लावला की ओरडत होती. पाणी दिलं तर तोंड फिरवत होती. कंडक्टर म्हणत होता, गाडी डेपोत लावायचीय, लवकर या. शांतलिंगनं फोन मागून घेतला आणि सांगितलं, आईच्या कानाला लावा. मग तो कानडीत मोठ्यानं बोलू लागला. पलीकडून एकही शब्द आला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. नंतर धोंडीबा म्हणाला, "फोन ढकलून देत्यात बघा. त्येंचा इस्वासच न्हाय आता कशावर."

शांतलिंगनं फोन मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

परंड्याच्या स्टँडवर बस एका कडेला लावून ठेवली होती. दाराशी धोंडीबा उभा होता, फेटा काखेत मारलेला, डोळे लाल. आई जीपमधून उतरताना दिसली तसा तो पुढं आला, पण तिनं त्याला हातानंच थांबवलं. "म्या बरी हाय. आधी तिला बघ."

पार्वतम्मा मधल्या बाकावर खिडकीशी बसल्या होत्या. दोन्ही हातांनी समोरचा दांडा इतका घट्ट धरलेला, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. कुणीतरी आपल्याला धरून कुठंतरी नेलं, आता आपण इथून हलायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. शांतलिंग चढला. "अव्वा," म्हणाला. त्यांनी मान वळवून बघितलं. ओळख पटायला थोडा वेळ गेला. मग त्यांनी दांडा सोडला आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला सुरुवात केली.

"एल्लि होगिद्दी? एल्लि होगिद्दी नी?"

कुठं गेला होतास, एवढं कानडी तिथं सगळ्यांनाच कळलं. तो मार खात गुडघ्यांवर बसला आणि त्या मारतच राहिल्या, रडत, ओरडत, त्याच्या डोक्यावर, खांद्यावर. कंडक्टरनं तोंड फिरवलं. मैथिली दाराच्या पायरीवर उभी होती. तिला बघवेना, पण ती हलली नाही. हे बघायला शंतनू इथं हवा होता, असं तिला वाटत होतं. त्याला मानगूट धरून इथं उभा करायला हवा होता.

दगडाबाईंनी गर्दी बाजूला केली, बसमध्ये चढल्या आणि पार्वतम्मांच्या शेजारी जाऊन बसल्या. भाषा नव्हती. त्यांनी आपल्या ओटीतला प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा काढला, अर्धा आधी स्वतः खाल्ला आणि अर्धा पुढं केला. पार्वतम्मांनी बराच वेळ त्याकडं बघितलं. मग घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेवा मंडळाच्या खोलीत बैठक होती. मंडळाचे अध्यक्ष विष्णुपंत, निवृत्त मुख्याध्यापक. मैथिलीच्या वडिलांचे जुने सहकारी. शंतनूनं आदल्या संध्याकाळीच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं की नवीन एक्स्टेन्शनमध्ये मुळातच दोष निघाला, एका कर्मचाऱ्याच्या अतिउत्साहामुळं थोडा गोंधळ झाला, आता सर्व सुरळीत आहे. मैथिलीनं ते वाचलं होतं. त्यानंतर तिला झोप लागली नव्हती.

"दोन्ही माउल्या आपापल्या घरी पोचल्या," विष्णुपंत म्हणाले. "आईची कृपा. आता फार उकरून काढण्यात अर्थ नाही."

"सर, मला थोडा वेळ द्या," मैथिली म्हणाली. "एक्स्टेन्शनमध्ये दोष आहे असं ग्रुपवर लिहिलंय. दोष कुठं आहे ते मी दाखवते."

तिनं आपल्या लॅपटॉपवर कालचाच प्रोग्रॅम चालू केला. विष्णुपंतांचा आणि उत्कर्षचा फोटो घेतला. आधी एकच नोंद टाकली. कार्ड बरोबर आलं. "शंतनूसरांनी एवढंच तपासलं होतं," ती म्हणाली. मग दोन्ही नोंदी एकदम सोडल्या. पहिल्यांदा बरोबर आल्या. पुन्हा सोडल्या, पुन्हा बरोबर. शंतनू खुर्चीत मागं रेलला. तिनं आणखी एकदा सोडल्या आणि पडद्यावर कार्ड आलं. विष्णुपंतांचा पांढऱ्या मिशांचा चेहरा, खाली नाव उत्कर्ष, वय एकोणीस.

खोलीत हशा पिकला. विष्णुपंतही हसले.

"हसू नका!" मैथिली ओरडली. वडिलांच्या वयाच्या माणसांवर ती आयुष्यात पहिल्यांदा ओरडत होती. "काल अशाच कार्डावर एका बाईला बसमध्ये घातलं. ती दांड्याला धरून बसली होती, पाणीसुद्धा घेत नव्हती. तुमच्यातलं कुणी बघितलंय का तिला? मी बघितलंय."

हसू जागच्या जागी थांबलं. तिनं कार्ड बनवणारा भाग उघडला आणि प्रत्येक धाग्याला त्याच्या नोंदीच्या क्रमांकाचा वेगळा फोल्डर दिला. बदल फार मोठा नव्हता, सगळ्यांसमोर पुरा झाला. मग तिनं दोन्ही नोंदी पुन्हापुन्हा एकदम सोडल्या. विष्णुपंत विष्णुपंतच राहिले आणि उत्कर्ष उत्कर्ष.

"थ्रेडचा दोष नव्हता," ती म्हणाली. "थ्रेड लावताना जे आधी बदलायचं, ते बदललं नव्हतं. हे मी शंतनूसरांना सांगितलं होतं. तरी यात्रेच्या दिवशी त्यांनी ते चालू केलं, आणि चूक कळल्यावरही पाहुणे येणार म्हणून बंद करायला नको म्हणाले. उत्कर्ष, तू होतास तिथं. मी खोटं बोलतेय?"

उत्कर्षनं शंतनूकडं बघितलं, मग जमिनीकडं. "नाही ताई. तसंच झालं."

शंतनूचा चेहरा लाल झाला. "मला काय माणसं हरवायची होती का? उशीर होत होता म्हणून लावलं. उशिरानं पण माणसं हरवतातच की!"

"हे खरं आहे," मैथिली म्हणाली. "उशीर होत होता म्हणूनच तर मी ते लिहिलं होतं. पण तुम्हाला घाई उशिराची नव्हती, पाहुण्यांची होती. आणि झाल्यावर तुम्ही दोष मशीनवर ढकलला, मग माझ्यावर. आता त्या दोघींच्या घरच्यांना फोन करून खरं सांगा."

"मंडळातर्फे एक दिलगिरीचा मेसेज पाठवू."

"मेसेज नाही. तुम्ही. आत्ता."

तिनं फोन लावून टेबलावर, त्याच्यासमोर ठेवला. धोंडीबानं उचलला. शंतनूनं घसा साफ केला, आपलं नाव सांगितलं आणि म्हणाला की काल जे झालं त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत, थोडी तांत्रिक...

"मी," मैथिली म्हणाली. "आम्ही नाही. आणि तांत्रिक नाही."

शंतनूनं तिच्याकडं असं बघितलं, की नजरेनं मारता आलं असतं तर मारलं असतं. मग तो म्हणाला, "मी न तपासता ते चालू केलं. माझी चूक झाली. आईंना सांगा, माफ करा म्हणून."

"थांबा, आईलाच देतो," धोंडीबा म्हणाला.

दगडाबाईंनी सगळं पुन्हा एकदा त्याच्याकडून वदवून घेतलं. मग विचारलं, "त्या आळंदवाल्या बाईला केलास का फोन?"

"करतो."

"आधी तिला कर. तिनं माफ केलं तर मग मला इचार." आणि फोन बंद झाला.

शंतनूनं शांतलिंगला फोन लावला. त्यानं उचलला, शंतनूचं बोलणं ऐकून घेतलं आणि एकही शब्द न बोलता ठेवून दिला. शंतनू उठला, गाडीची चावी घेतली आणि निघून गेला. जाताना दार त्यानं जोरात ओढलं.

विष्णुपंत दार नीट लावून आले आणि म्हणाले, "मैथिली, पौर्णिमेची गर्दी अजून दोन दिवस आहे. माणसं परतायला लागली की जास्त चुकतात. तू बघशील का?"

"बघते. पण काय चालू करायचं आणि काय बंद, ते मी ठरवणार. आणि मी बंद म्हणाले की कुणाचेही पाहुणे असोत, बंद."

"बरं," विष्णुपंत म्हणाले.

"बरं सगळेच म्हणतात, सर," ती म्हणाली.

ती मांडवात आली तेव्हा उत्कर्ष तिच्या आधी येऊन बसला होता. ऊन चढत होतं. टेबलासमोर सोलापूरकडचं एक जोडपं उभं होतं, त्यांचे वडील सकाळपासून दिसत नव्हते. मैथिलीनं बदललेला प्रोग्रॅम सर्व्हरवर चढवला आणि आधी खोट्या नोंदींचा एक मोठा गठ्ठा त्यात एकदम सोडून बघितला. मग खुर्ची पुढं ओढली. राग तसाच होता. तिनं त्या जोडप्यातल्या बाईच्या हातातला मोबाइल घेतला.

"नाव सांगा त्यांचं," ती म्हणाली. "आणि हाक काय मारता घरी, तेही सांगा."